कॉल सेंटर की बँकेतलं सेल्स? पगाराआधी विचारायचा प्रश्न

तुम्ही जे विचारलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात काही चूक झाली असेल तर लगेच सांगता येईल. तुम्ही तासगावच्या, बी.कॉम. झालेल्या, मराठी माध्यमातून शिकलेल्या. हातात दोन ऑफर आहेत. एक पुण्यात, पेमेंट ॲपच्या कस्टमर सपोर्टची, मराठी-हिंदी व्हॉइस प्रोसेस (म्हणजे एका कंपनीच्या ग्राहकांचे फोन घ्यायचं काम), हातात १६,५०० रुपये. दुसरी सांगली-मिरजेत खासगी बँकेत ‘सेल्स ऑफिसर’ म्हणून, हातात १८,००० आणि वर इन्सेन्टिव्ह, पण नेमणूक बँकेची नाही, एजन्सीची. घरच्यांचं म्हणणं, ‘फोनवर बोलण्यात काय मोठं, आणि बँक म्हणजे बँक.’ आईला काळजी रात्रीच्या पाळ्यांची. आणि तुमचा प्रश्न: मी फारशी बोलकी नाही, मला जमेल का, कुठली घेऊ, आणि या नोकऱ्यांत लोक वर्षभरही टिकत नाहीत ते का?

मी दोन्हीकडे काम केलंय. आधी मोबाइल कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये फोन घेतले, मग काही वर्षं बँकेच्या शाखेत ठेवी आणि विमा विकला. आता नव्या बॅचना शिकवते आणि कॉल ऐकून गुण देणाऱ्या टीमचं काम बघते. त्यामुळे खालचं सगळं त्या अनुभवातून आलेलं आहे. दुसऱ्या शहरात, दुसऱ्या प्रोसेसमध्ये थोडं इकडेतिकडे असू शकतं.

बोलकेपणाचं आधी मिटवून टाकू. प्रत्येक बॅचमध्ये दोन-चार जण असे असतात की पहिल्याच दिवशी सगळ्यांशी ओळख करून घेतात, ट्रेनरची नक्कल करतात, डबा खाताना सगळं टेबल हसवतात. हेडसेट लावला की यातले निम्मे अडखळतात, कारण समोरचा अजून तक्रार सांगतच असतो आणि यांना उत्तर आधीच सुचलेलं असतं. ग्राहक म्हणतो, “अहो, माझं ऐकून तर घ्या,” आणि तिथून कॉल बिघडत जातो. मितभाषी मुलं-मुली ऐकतात, ऐकता ऐकता टाइप करतात आणि मोजकं बोलतात. माझ्याकडचे बरेच चांगले एजंट कॅन्टीनमध्ये कोपऱ्यातली जागा शोधणारे होते. विक्रीतही तसंच. भरभर बोलणाऱ्या सेल्समनला लोक ऐकून घेतात आणि नंतर त्याचा फोन उचलत नाहीत.

तुम्हाला लागेल ते वेगळं आहे. तेच वाक्य दिवसातून पन्नासदा तितक्याच धीराने बोलता यायला हवं, आणि समोरचा चिडलाय तो आपल्यावर नाही हे अंगात मुरायला हवं. पहिलं थोड्या दिवसांत जमतं. दुसऱ्याला कित्येक महिने लागतात आणि काहींना ते कधीच जमत नाही. ते आधीपासून ओळखता येत नाही, त्यामुळे त्याची काळजी आत्ता करू नका.

आता लोक का सोडतात, ते. शिव्या आणि टार्गेट ही कारणं सगळे सांगतात, आणि ती खोटी नाहीत. पण एकाच इमारतीत, एकाच पगारावर, एका प्रोसेसमधली माणसं तीन-तीन वर्षं टिकतात आणि शेजारच्या प्रोसेसमध्ये दर महिन्याला नवी बॅच भरावी लागते, हे मी सतत पाहते. फरक असतो तो अधिकाराचा. ग्राहकासमोर तुम्ही असता. त्याचे पैसे अडकले, हप्ता दोनदा कापला गेला, पॉलिसीत भलतंच कलम निघालं, यातला एकही निर्णय तुमचा नसतो. ज्याने तो घेतला त्याच्याशी ग्राहकाची कधी गाठ पडत नाही. अशा जागी तुमच्या हातात काहीतरी करण्यासारखं असेल, निदान योग्य माणसापर्यंत तक्रार नेऊन तिचं उत्तर मिळवण्याइतकं, तर काम निभतं. फक्त माफी मागण्याचाच अधिकार असेल तर माणूस झिजतो, मग पगार कितीही असो.

तुमच्या पहिल्या ऑफरमध्ये रोज येईल असा एक कॉल सांगते. कुणीतरी कृषी सेवा केंद्रात ४,२०० रुपये यूपीआयने दिले. खात्यातून गेले, दुकानदाराकडे आले नाहीत. दुकानदार माल द्यायला तयार नाही. हा माणूस दुकानाच्या दारातूनच फोन लावतो. तुमच्या स्क्रीनवर ‘पेंडिंग’ दिसतं, बाकी काही नाही. एक एजंट म्हणते, “सर, २४ ते ४८ तास प्रतीक्षा करा.” तो दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करतो, तिसऱ्या दिवशी शिव्या देतो.

दुसरीला रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक माहीत आहे. ती सांगते की दुकानदाराला केलेलं यूपीआय पेमेंट असं अडकलं तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत, आणि त्यानंतर प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायला हवी. एखाद्या व्यक्तीच्या खात्यावर पाठवलेले पैसे असते तर मुदत फक्त १ दिवसाची असती, हेही तिला ठाऊक असतं, म्हणून ती आधी विचारते की पैसे दुकानाच्या क्यूआरवर दिले की नंबरवर. मग ती व्यवहाराचा क्रमांक लिहून घ्यायला लावते, तक्रार नोंदवते, त्या तक्रारीचा नंबर देते, आणि ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं हेही सांगते. पैसे तिनेही परत आणून दिलेले नाहीत. स्क्रीन दोघींची सारखीच होती. पण दुसऱ्या एजंटचा ग्राहक फोन ठेवताना शांत असतो, आणि तीही.

म्हणजे थोडा अधिकार माहितीतून स्वतः कमावता येतो. पण पूर्ण नाही. काही प्रोसेसमध्ये त्या १०० रुपयांचा उल्लेख ग्राहकाने स्वतः केल्याशिवाय करायचा नाही असा अलिखित नियम असतो. काही ठिकाणी तक्रार ज्या विभागाकडे जाते तिथून आठ दिवस उत्तरच येत नाही आणि रोज त्याच माणसाचा फोन तुम्ही घेता. हे ऑफर लेटरवर लिहिलेलं नसतं. म्हणून एचआरला विचारा, किंवा त्यापेक्षा बरं, तिथे काम करणाऱ्या कुणाला तरी विचारा: एजंटला स्वतःच्या पातळीवर किती रुपयांपर्यंत रिफंड किंवा शुल्कमाफी देता येते? वर पाठवलेल्या तक्रारीचं उत्तर किती दिवसांत येतं? शिवीगाळ करणाऱ्याचा कॉल दोनदा ताकीद देऊन कापायची परवानगी आहे का? तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून कंपनी तुम्हाला काय समजते ते कळेल.

दिवस कसा असतो, तेही थोडं सांगते. आधी वर्गातलं प्रशिक्षण, मग नेस्टिंग म्हणजे कुणीतरी शेजारी बसलेलं असताना खरे कॉल घेणं, मग फ्लोअर म्हणजे एकटीने कॉल घेणं. नऊ तासांच्या पाळीत साधारण एक अर्ध्या तासाची आणि दोन पंधरा मिनिटांची सुट्टी. बाकी वेळ लॉगइन. सकाळी दहा ते दुपारी एक, आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, एक कॉल संपला की दुसरा लगेच कानात वाजतो. डोमेस्टिक, म्हणजे देशातल्याच ग्राहकांच्या प्रोसेसमध्ये दिवसाला साठ-सत्तर कॉल सहज होतात, कधी शंभरही. प्रत्येक कॉलची वेळ मोजली जाते, तिला एएचटी म्हणतात. दुसरीकडे ‘एकाच कॉलमध्ये प्रश्न सुटला पाहिजे’ हेही मोजलं जातं. आता गंमत अशी की हे दोन आकडे एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. नीट सोडवायला गेलं तर वेळ वाढतो, वेळ वाचवला तर ग्राहक पुन्हा फोन करतो. चांगला टीम लीडर यातल्या कुठल्या आकड्यावर कधी डोळेझाक करायची ते जाणतो. वाईट लीडर दोन्हींसाठी रोज मेल टाकतो.

क्वालिटीवाले महिन्याला तुमचे मोजकेच कॉल ऐकतात आणि त्यावर गुण देतात. इथे एक गोष्ट पाठ करून ठेवा. ओळख पटवल्याशिवाय खात्याची माहिती दिली तर बाकी कॉल कितीही गोड असो, गुण शून्य. याला फेटल म्हणतात. नवरा बायकोच्या खात्याची शिल्लक विचारतो, मुलगा वडिलांच्या, आणि “मॅडम, मी त्यांचा मुलगाच आहे हो” असं इतक्या आर्जवाने म्हणतो की नवीन मुलं फसतात. नाहीच द्यायची. यात कठोर वाटून घेऊ नका. फसवणूक करणारेही हेच आर्जव करतात.

मराठी प्रोसेसबद्दल एक अवांतर. स्क्रिप्ट बहुतेक वेळा हिंदीवरून उतरवलेली असते, त्यामुळे तुम्हाला “मी आपली काय सहायता करू शकते?” असं काहीतरी बोलायला सांगतील. फोन करणारा चंद्रपूरचा असतो, सिंधुदुर्गातला असतो, बार्शीचा असतो, आणि तो तुम्हाला “ताई” किंवा “पोरी” म्हणत असतो. ओळीची सुरुवात आणि शेवट स्क्रिप्टप्रमाणे करा, कारण त्याचे गुण असतात. मधला भाग तुमच्या बोलीत बोला. सत्तरीच्या माणसाला मी “काका” म्हणू देते, ऑडिटमध्ये त्याचे गुण कापत नाही. काही क्लायंट, म्हणजे ज्यांच्यासाठी आपण फोन घेतो त्या कंपन्या, कापतात. तुमचा तासगावचा हेल मात्र अजिबात लपवू नका. गावाकडच्या ग्राहकाला तो ऐकल्यावर धीर येतो, हे मी कॉल ऐकून ऐकून सांगते.

थकवणारं काय असतं, याचा अंदाज बाहेरून येत नाही. दिवसभर सौम्य आवाजात बोलून घरी आल्यावर कुणाचा फोन उचलावासा वाटत नाही. आई म्हणते, “बाहेरच्यांशी गोड बोलतेस आणि आमच्याशी तुसडी.” तिला आधीच सांगून ठेवा की पाळी संपल्यावर तासभर तुम्ही बोलणार नाही. घशाची काळजी घ्या, कोमट पाण्याची बाटली डेस्कवर ठेवा आणि ओरडणाऱ्या ग्राहकापेक्षा हळू बोलायची सवय लावा. आणि जे वचन पाळणं तुमच्या हातात नाही ते देऊ नका. “उद्या संध्याकाळपर्यंत नक्की होईल” हे वाक्य त्या क्षणी सुटका करतं. उद्या संध्याकाळी तो कॉल तुमच्याच नाही तर शेजारणीच्या कानात पडतो.

एक भाग मात्र मला आजही आवडतो. कंपनीत कुठे काय फाटलंय ते सगळ्यात आधी फोन घेणाऱ्याला कळतं. एकदा आमच्याकडे ‘आपली विनंती नाकारण्यात आली आहे’ असा एसएमएस जायचा, आणि खरं कारण इतकंच असायचं की आधार कार्डाचा फोटो अस्पष्ट आला होता. लोक घाबरून फोन करायचे. दोन मुलींनी आठवडाभर असे कॉल वहीत टिपून दाखवले, एसएमएसमध्ये ‘फोटो पुन्हा पाठवा’ असं आलं, आणि त्या विषयाचे कॉल जवळजवळ थांबले. त्यातली एक पुढे क्वालिटीत गेली. अशी वही ठेवणाऱ्यांनाच वरच्या जागा मिळतात, असा माझा अनुभव आहे. सोपे प्रश्न आता चॅटबॉट घेतात, त्यामुळे माणसापर्यंत येणारा कॉल बहुतेक वेळा आधीच वैतागलेला असतो. म्हणजे काम पूर्वीपेक्षा अवघड झालंय. त्याच वेळी, नुसती स्क्रिप्ट वाचणाऱ्यापेक्षा असा गुंता सोडवणाऱ्याची किंमतही वाढलीय.

आता बँकेची ऑफर. इथे मी थोडी जास्त सावध आहे.

विक्रीची नोकरी वाईट नसते. मोकळीक असते, ओळखी होतात, आणि चांगल्या महिन्यात सपोर्टवाल्याला स्वप्नातही मिळणार नाही इतका पैसा येतो. पण महिन्याच्या १ तारखेला पाटी कोरी होते. मागच्या महिन्यात तुम्ही शाखेत पहिल्या आला होतात, हे ५ तारखेनंतर कुणाला आठवत नाही. बचत खाती उघडायची असतात, पण कोरं खातं मोजत नाहीत, त्यात ठरलेली रक्कम पडली तरच ते टार्गेटमध्ये धरतात. आणि खात्यांपेक्षा जास्त रेटा असतो तो विम्याचा, कारण बँकेला त्यातून कमिशन मिळतं.

इथे ‘अधिकार’ या शब्दाचा अर्थ जरा बदलतो. विकणाऱ्याकडे ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार आहे का, हा प्रश्न आहे. मुदत ठेव करायला आलेल्या आजोबांना “एफडीसारखीच आहे, व्याज जास्त” असं सांगून दहा वर्षं हप्ते भरायची पॉलिसी गळ्यात मारली जाते, हे तुम्ही ऐकलं असेल. पॉलिसी निघण्याआधी कंपनीकडून पडताळणीचा फोन येतो, आणि “त्या फोनवर सगळ्याला हो म्हणा” असं ग्राहकाला आधीच पढवून ठेवतात, हे मी पाहिलंय. ज्या शाखेत मॅनेजर ‘आजोबांना हे नको’ हे तुमचं म्हणणं ऐकून घेतो, तिथे बिनधास्त जा. जिथे महिनाअखेरीला ‘कसंही करून आण’ म्हणतात, तिथे आजोबा शाखेत परत येतील तेव्हा समोर तुम्हीच असाल. पॉलिसीची कागदपत्रं हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, हा नियम आहे. तो ग्राहकाला स्वतःहून सांगणारा सेल्स ऑफिसर माझ्या लेखी हुशार. त्याच्या पॉलिसी परत येत नाहीत, कारण त्याने नको त्या माणसाला विकलेलीच नसते.

हे बाहेरून ओळखायचं कसं? एक आकडा विचारा: तेराव्या महिन्याची पर्सिस्टन्सी. म्हणजे विकलेल्या पॉलिसींपैकी किती जणांनी दुसऱ्या वर्षाचा हप्ता भरला. चांगल्या शाखेत हा आकडा अभिमानाने सांगतात. “ते तुम्हाला काय करायचंय” असं उत्तर आलं तर तेही उत्तरच आहे. दुसरं, ग्राहकाने पॉलिसी परत केली तर तुमचा इन्सेन्टिव्ह परत कापतात का, तेही विचारा, कारण बहुतेक ठिकाणी कापतात. तिसरं, परीक्षा. विमा विकायला ठरलेलं प्रशिक्षण आणि परीक्षा लागते. म्युच्युअल फंडासाठी एनआयएसएम या संस्थेची सिरीज पाच-ए परीक्षा असते, १०० प्रश्न, ५० टक्क्यांना पास, प्रमाणपत्र ३ वर्षं चालतं. ही परीक्षा स्वतःच्या नावावर द्या, कंपनीने फी भरली नाही तरी. “सध्या सरांच्या कोडवर टाक, नंतर बघू”, म्हणजे विक्री तुमची आणि नोंद दुसऱ्याच्या नावावर, याला तयार होऊ नका.

एजन्सीच्या पेरोलचं तुम्ही लिहिलंय. त्याचा अर्थ असा की गळ्यातलं कार्ड बँकेच्या रंगाचं असलं तरी तुम्ही बँकेच्या कर्मचारी नाही. बदली, बढती, बँक कर्मचाऱ्यांना मिळणारं स्वस्त कर्ज, यातलं काही गृहीत धरू नका. काही बँका चांगलं काम करणाऱ्यांना आपल्या पेरोलवर घेतात. मागच्या वर्षी या शाखेतल्या किती जणांना घेतलं, हे विचारा. ‘घेतात’ आणि ‘घेतलं’ यात फरक आहे.

आणि आता ज्याबद्दल मुलाखतीत कुणी बोलत नाही ते. पहिल्या महिन्यात तुमचं टार्गेट तुमच्या नातेवाइकांमधून पूर्ण होतं. मावशी एक खातं उघडते, काका पॉलिसी घेतात, वर्गातली मैत्रीण तिच्या भावाला पाठवते. मॅनेजर टाळ्या वाजवतो. दुसऱ्या महिन्यात वडिलांचे मित्र. तिसऱ्या महिन्यात यादी संपते, आणि खरी विक्री तिथून सुरू होते. बरीच मुलं त्या टप्प्यावर सोडून जातात, आणि त्यांच्या जागी नवी यादी घेऊन नवीन माणूस येतो. भरतीचा सगळा हिशेब याच्यावर चालणाऱ्या जागा असतात. म्हणून मुलाखतीत “तुमचे सांगलीत किती ओळखीचे आहेत?” हा प्रश्न फार आवडीने विचारला तर कान टवकारा. शाखेकडून लीड, म्हणजे घेण्याची शक्यता असलेल्या ग्राहकांची नावं-नंबर, मिळतात का, चालत येणारे ग्राहक तुमच्याकडे पाठवतात का, हे विचारा. आणि स्वतःशी ठरवून टाका की पहिले तीन महिने घरातल्या कुणाला काही विकायचं नाही. दर वर्षी ५०,००० भरणं मावशीला झेपत नसेल तर ती तुम्हाला बोलणार नाही, पण पुढच्या प्रत्येक लग्नात तो विषय तुमच्या दोघींच्या मध्ये बसलेला असेल.

चांगली विक्री कशी असते ते बघायला तुम्हाला पुण्याला यायची गरज नाही. तुमच्याच तालुक्यात द्राक्षबागायतदारांकडे औषधं, खतं, ठिबकचं सामान घेऊन जाणारे कंपन्यांचे प्रतिनिधी बघा. ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी पाऊस झाला, डाऊनी हा रोग आला, आणि प्रतिनिधीने खपवायचं म्हणून भलतं औषध दिलं, तर पुढच्या हंगामात त्याला त्याच बागेच्या बांधावर उभं राहायचं असतं. आणि शेजारच्या चार बागांत ती बातमी त्याच्या आधी पोचलेली असते. त्यामुळे तो “यावर आमचं औषध चालणार नाही, दुसऱ्या कंपनीचं घ्या” असंही सांगतो. बेदाणा विकला गेल्यावर पैसे द्या म्हणणारा दुकानदारही तसाच, कुणाला किती उधार द्यायचं याची त्याची समज कुठल्याही वर्गात शिकवता येणार नाही. ग्राहकाला पुन्हा भेटावं लागणार असेल तर विक्री सरळ राहते. एकदा विकून नंबर बंद करता येतो तिथे ती वाकडी होते. बँकेची ऑफर स्वीकारायचीच असेल तर तिथली विक्री यातली कुठली, एवढं बघा.

पैशाचं थोडक्यात. ‘हातात’ म्हणून सांगितलेला आकडा सगळी कपात वजा करून आहे का ते लेखी घ्या. मूळ पगारातून १२ टक्के पीएफ जातो. एकूण पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयसी म्हणजे कर्मचारी राज्य विमा लागू होतो, त्यात तुमचा वाटा फक्त ०.७५ टक्के असतो आणि त्यावर तुम्हाला आणि तुमच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही उपचार मिळतात. याला कमी समजू नका. महाराष्ट्रात महिलांना महिना २५,००० पर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही, तरीही तो कापलेला दिसला तर विचारा. एजन्सी पीएफ खरंच भरते का ते दोन-तीन महिन्यांनी उमंग ॲपवर पासबुकात दिसतं. इन्सेन्टिव्हबद्दल ‘जास्तीत जास्त किती’ असं विचारू नका. मागच्या तीन महिन्यांत टीममधल्या किती जणांना मिळाला, असं विचारा. सांगलीत घरून जाऊन-येऊन १८,००० आणि पुण्यात पीजी-डबा भरून १६,५०० यांत फरक दीड हजारांपेक्षा फार मोठा आहे. फिरतीसाठी पेट्रोलचे पैसे वेगळे मिळतात का तेही बघा, नाहीतर तो फरक पुन्हा कमी होतो. मूळ गुणपत्रिका कुणाकडेही जमा करू नका. नोकरीसाठी डिपॉझिट मागितलं तर ती नोकरीच नाही असं समजा.

पाळ्यांबद्दल तुमच्या आईची काळजी रास्त आहे. आपल्याकडच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री ९.३० ते सकाळी ७ या वेळेत महिलेला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही, आणि ठेवलं तर सुरक्षितता आणि घराच्या दारापर्यंतची वाहतूक ही मालकाची जबाबदारी असते. २००७ मध्ये पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या बीपीओतल्या तरुणीचा कॅबचालक आणि त्याच्या साथीदाराने खून केला होता, त्यामुळे हा विषय इथे कुणी हसण्यावारी नेऊ नये. ‘दारापर्यंत’ म्हणजे दारापर्यंत. चौकात सोडणारी कॅब असेल तर रुजू होण्याआधीच बोला. मराठी-हिंदी प्रोसेसच्या पाळ्या बहुतेक दिवसा किंवा रात्री नऊ-दहापर्यंत असतात, पण रोस्टर म्हणजे पाळ्यांचं वेळापत्रक बदलतं, म्हणून शेवटची पाळी कितीला सुटते हे विचारून घ्या.

मग घ्यायची कुठली? घरी लगेच पैसे लागत असतील, किंवा सांगली सोडणं शक्य नसेल, तर बँक घ्या. पण वरचे प्रश्न विचारून, आणि नातेवाईक बाजूला ठेवून. तशी अडचण नसेल तर मी तुमच्या जागी सपोर्टची घेईन. ऐकण्याची, लिहून ठेवण्याची आणि नियम वाचण्याची सवय तिथे पक्की होते, आणि ती घेऊन वर्षा-दीड वर्षाने विक्रीत जाता येतं. उलट दिशेने येणारेही पाहिलेत, पण त्यांना आधी बोलणं कमी करायला शिकवावं लागतं. अट एकच: रुजू होण्याआधी तासभर एखाद्या एजंटच्या शेजारी बसून दुसऱ्या हेडसेटवर कॉल ऐकू द्या म्हणावं. बऱ्याच कंपन्या देतात. ग्राहकाच्या गोपनीयतेचं कारण सांगून नाही म्हणाल्या तर तेही खोटं नाही, मग निदान टीम लीडरशी दहा मिनिटं बोलायला मागा आणि रिफंडचा, तक्रारीच्या मुदतीचा आणि कॉल कापण्याचा, हे तीन प्रश्न त्यालाच विचारा.

दोन गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत: पुण्याच्या ऑफरमध्ये बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) आहे का, आणि एजन्सीच्या पत्रात नोटीस पीरियड किती आहे. त्या कळवा. नोटीस तीन महिन्यांची असेल तर वर बँकेबद्दल जे म्हटलंय त्यातलं बरंच बदलेल.